घरच्याच सायकलची ट्रायथलॉन सायकल

पावसाळा संपता संपता एका रविवारी आमचा भाचा सकाळीच घरी आला आणि चहाचा कप हातात घेण्याआधी त्याने पतपेढीच्या कर्जाचा अर्ज आमच्यापुढे ठेवला. अर्ज पूर्ण भरलेला होता. जामीनदाराच्या सहीची जागा तेवढी रिकामी. कर्जाचे कारण: सायकल खरेदी. रक्कम: दोन लाख रुपये!

आम्ही म्हणालो, “अरे, सायकल तर आहे ना तुझ्याकडे?”

“मामा, ती रोड बाइक आहे. ट्रायथलॉनला ट्राय बाइकच लागते. सगळे तेच सांगतात.”

हे ‘सगळे’ म्हणजे तो ज्यांच्याबरोबर पहाटे पळायला जातो ती मंडळी. त्यांतले बरेच जण मोठ्या पगाराचे. आमचा भाचा भिवंडीकडच्या एका गोदामात कंत्राटी कामगार. हातात एकवीस हजार पडतात, त्यातले आठ हजार तो ताईच्या हाती देतो. ओव्हरटाइमच्या पैशातून त्याने अठरा हजारांना ॲल्युमिनियमच्या सांगाड्याची जुनी रोड बाइक घेतली होती आणि तीवरूनच तो कामालाही जातो. पोहणे त्याला लहानपणापासून येते, पळण्यात तो शाळेपासून पुढे. अशा मुलाला ‘नको’ म्हणणे आमच्या जिवावर आले. पण हिशेब हा हिशेबच असतो. दोन लाख, दरसाल दरशेकडा १२ टक्के, साठ हप्ते. महिन्याचा हप्ता ४,४४९ रुपये होतो, आणि पाच वर्षांत नुसते व्याजच सदुसष्ट हजारांच्या आसपास जाते. कंत्राट मात्र दर अकरा महिन्यांनी नवे. उद्या ते सुटले तर हप्ता जामीनदाराने भरावयाचा.

आम्ही सही केली नाही. एक महिन्याची मुदत मागून घेतली आणि हा विषय आहे तरी काय, हे समजून घेण्याच्या मागे लागलो.

ट्रायथलॉन म्हणजे पोहणे, सायकल आणि धावणे या तिन्ही गोष्टी न थांबता एकापाठोपाठ एक करावयाच्या. १९७४ साली अमेरिकेत सॅन डिएगो येथे या खेळाची सुरुवात झाली. १९७८ मध्ये हवाई बेटांवर पहिली ‘आयर्नमॅन’ झाली तेव्हा उतरणारे अवघे पंधरा जण होते. २००० च्या सिडनी ऑलिंपिकपासून हा खेळ ऑलिंपिकमध्ये आहे. ऑलिंपिकचे अंतर दीड किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल, १० किलोमीटर धावणे. २०१९ साली गोव्यात मिरामारला अर्धी आयर्नमॅन झाली, तिच्यात १.९ किलोमीटर समुद्रात पोहून ९० किलोमीटर सायकल आणि वर २१.१ किलोमीटर पळणे. आमच्या भाच्याच्या डोळ्यांपुढे आहे ते गोवा.

आता सायकलीत फरक कशाचा? सपाट रस्त्यावर जोरात सायकल मारताना अंगातली बहुतेक ताकद वाऱ्याला ढकलण्यात जाते. तो वारा सायकलीपेक्षा माणसाच्या छातीवर आणि खांद्यांवर जास्त आदळतो. म्हणून ट्रायथलॉनवाले हँडलवर कोपरे टेकवून, हात पुढे लांब करून, पाठ आडवी ठेवून बसतात. लाखांच्या सायकलीत पैसा पुष्कळ ठिकाणी जातो, पण मुख्य लाभ या बसण्याचा आहे. आणि बसण्यात बदल साध्या सायकलवरही करता येतो.

याचा दाखला १९८९ चा आहे. टूर द फ्रान्सच्या शेवटच्या दिवशी अमेरिकेचा ग्रेग लेमाँड हा फ्रान्सच्या लॉराँ फिन्याँच्या ५० सेकंद मागे होता. उरले होते एकट्याने पळवावयाचे साडेचोवीस किलोमीटर. लेमाँडने हँडलवर कोपरे टेकवण्याचा बार बसवला होता. तीन आठवड्यांची ती शर्यत त्याने शेवटी ८ सेकंदांनी जिंकली. हा बार बून लेनन नावाच्या बर्फावरील स्कीइंगच्या प्रशिक्षकाने काढलेला, आणि सायकल शर्यतवाल्यांच्या आधी तो ट्रायथलॉनवाल्यांनी उचलला होता. त्याला ‘एरोबार’ म्हणतात. दोन नळ्या, कोपरांखाली दोन गाद्या, हँडलवर आवळावयाचे दोन क्लँप. एवढेच!

तर भाच्याने ४,२०० रुपयांचे एरोबार आणले आणि बसवले. पहिल्याच फेरीला तो म्हणाला, “मामा, श्वासच घेता येत नाही.” मांड्या पोटाला लागत होत्या. येथे आम्हाला कळले की नुसता बार बसवून काम भागत नाही आणि पुष्कळांचे येथेच फसते. रोड बाइकच्या सीटखालचा पाइप जमिनीशी साधारण ७३ अंशांचा कोन करतो, ट्राय बाइकचा ७६ ते ७८ किंवा त्याहूनही उभा. पाठ आडवी केली की पोट आणि मांडी यांच्यामधली जागा आवळते. ती मोकळी करावयाची तर सीट पुढे सरकवली पाहिजे, म्हणजे सगळे शरीरच पायडलच्या आसाभोवती पुढे फिरते. कोन एक अंशाने वाढवण्यास सीट साधारण सव्वा सेंटिमीटर पुढे घ्यावी लागते.

हे मापावयाचे कसे? आमचे दाजी गवंडी आहेत. त्यांनी थैलीतून ओळंबा काढला. भिंतीला टेकवून सायकल सरळ उभी केली, सीटच्या टोकावरून दोरी सोडली आणि पायडलचा आस त्या दोरीच्या किती पुढे आहे ते मोजले. साडेसहा सेंटिमीटर भरले. हजारो रुपये घेऊन सायकल फिटिंग करणारे जे मोजतात, तेच आमच्या ओटीवर मोजले गेले, याचा दाजींना फार आनंद झाला.

सीटचा दांडा वर मागच्या बाजूला वाकलेला होता. तो उलटा फिरवून बसवला. सगळे दांडे असे फिरवता येत नाहीत, काहींत सीट सपाट राहत नाही आणि मग सरळ दांडा विकत घ्यावा लागतो. आमचे जमले. सीट साडेपाच सेंटिमीटर पुढे आली, म्हणजे कोन ७७ च्या आसपास गेला. पुढे घेतल्यामुळे सीट ते पायडल हे अंतर कमी झाले, म्हणून ती दीड सेंटिमीटर उंच केली. उंच करताना दांड्यावरची ‘याच्यावर काढू नये’ ही खूण पाइपच्या आतच राहिली पाहिजे. काही करण्याआधी जुन्या जागांवर चिकटपट्टीने खुणा केल्या होत्या, म्हणजे बिघडले तर परत येता येते. कोपरांच्या गाद्या खांद्यांच्या बरोबर खाली आल्या. हँडल खाली घेण्याचा मोह भाच्याला फार होता, तो आम्ही आवरला. आधी त्याच उंचीवर अंग सरावू द्यावे.

दोन सूचना कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याच्या. हँडल कार्बनचे असेल तर कंपनीची परवानगी असल्याशिवाय त्यावर एरोबार आवळू नये, ते चिरडते. आणि हँडल बारीक असेल तर मध्ये पत्र्याची पट्टी घालून भागवू नये, त्या मापाचाच क्लँप आणावा. खड्ड्यात चाक गेले आणि बार फिरला तर माणूस तोंडावर पडतो.

पडण्याचे म्हणावे तर भाचा पडलाच. तिसऱ्या रविवारी, पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर. कुत्रे आडवे आले. रोड बाइकचे ब्रेक आणि गिअर खालच्या वाकड्या हँडलवरच राहतात, एरोबारवर हात असताना ते हाताशी नसतात. हात तेथे नेईपर्यंत उशीर झाला. कोपर आणि गुडघा सोलून निघाला. ताई आमच्यावर इतकी चिडली की आठ दिवस बोलली नाही. तिचे चुकलेही नव्हते. आम्ही मापे घेण्यात रमलो आणि ही गोष्ट मुलाला बजावून सांगितलीच नाही. शिवाय वजन पुढे आल्याने हँडल हलके आणि चंचल होते. त्यानंतर नियम केला: वाहने, वळण, उतार, खड्डे किंवा बरोबर दुसरा सायकलवाला असेल तर एरोबारवर हात ठेवावयाचा नाही. आधी पाच पाच मिनिटे, मग पंधरा.

आणखी एक अडचण मुले संकोचाने सांगत नाहीत. पुढे झुकून बसले की कंबर पुढे फिरते आणि शरीराचा भार सीटच्या टोकावर, नाजूक जागी येतो. बधिरपणा येतो. मुलींनाही याचा तितकाच त्रास होतो. हे सोसावयाचे नसते, सीट बदलावयाची असते. पुढून दुभंगलेली, आखूड टोकाची सीट २,६०० रुपयांना मिळाली. टोक आखूड असल्याने ओळंब्याचे माप पुन्हा जुळेना, तेव्हा बसण्याच्या रुंद जागेवरून मापून ती बसवली.

खर्च वहीत आहे. एरोबार ४,२००, सीट २,६००, केबली आणि हँडलची टेप ६००, मजुरी ५००, बुटांच्या लवचिक नाड्या २५०. एकूण ८,१५० रुपये. या नाड्यांमुळे पोहून, सायकल मारून आल्यावर गाठी मारत बसावे लागत नाही. पाण्याची बाटली दोन्ही हातांच्या मध्ये बांधली, तिला घरातलेच पट्टे वापरले.

यात ट्राय बाइकचे सगळे आले असे आम्ही म्हणणार नाही. तिच्यात गिअर एरोबारच्या टोकाशी असतात, सांगाडाच वारा कापणारा असतो. आणि ऑलिंपिकसारख्या ज्या शर्यतींत दुसऱ्याच्या मागे चिकटून सायकल मारण्यास परवानगी असते, तेथे हे बार चालत नाहीत, म्हणून नाव देण्यापूर्वी नियम वाचून घ्यावेत. पण एका रस्त्यावरचे वीस किलोमीटर भाचा पूर्वी ४५ मिनिटांत काढी, दोन महिन्यांनी तेच साडेबेचाळीस मिनिटांत काढू लागला. अंग त्याचेच, चाके तीच.

जानेवारीत त्याने ऑलिंपिक अंतराची पहिली स्पर्धा पूर्ण केली. तेथे मागे चिकटून चालवण्यास बंदी होती, म्हणून बार चालले. त्याच्या वयोगटात एकोणिसावा आला. सायकलवरून उतरल्यावर पहिले दोन किलोमीटर पाय लाकडासारखे होते म्हणाला, मग सुटले. ताई अंतिम रेषेशी उभी होती, हातात कांदेपोह्यांचा डबा. तिने आधी कोपर पाहिले.

सोमवारी सकाळी त्याने ॲलन कीने एरोबार सोडले, जुन्या खुणांवर सीट मागे घेतली आणि त्याच सायकलवरून पहिल्या पाळीला गेला. कर्जाचा अर्ज अजून आमच्या कपाटात आहे. आता तो गोव्याच्या स्पर्धेची प्रवेश फी किती ते विचारतो आहे, आणि तीही थोडीथोडकी नाही.