विश्लेषण : ‘खपणार नाही’ म्हणून स्वतःसाठी लिहिलेल्या शेवटच्या भागाने अख्खी विज्ञानकथा-त्रयी कशी तारली?

कादंबरीत्रयीचा शेवटचा भाग विकणे हे प्रकाशन व्यवसायातील अवघड काम मानले जाते. पहिले दोन भाग ज्याने वाचलेले नाहीत, तो दुकानात जाऊन थेट तिसरा भाग कशाला उचलेल? चिनी विज्ञानकथाकार लिऊ त्सिशिन यांच्यासमोर २०१० मध्ये हाच प्रश्न होता. ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’पासून सुरू झालेल्या त्यांच्या त्रयीचा शेवटचा भाग बाजारात चालणार नाही, असे त्यांना आणि त्यांच्या प्रकाशकांनाही वाटत होते. प्रत्यक्षात उलटे घडले. नेटफ्लिक्सवरील मालिका पाहून आज अनेक जण या पुस्तकांकडे वळत आहेत. त्या निमित्ताने, हे कसे घडले ते पाहू.

लिऊ त्सिशिन कोण आहेत?

लिऊ यांचा जन्म १९६३ चा. चिनी पद्धतीनुसार ‘लिऊ’ हे आडनाव आधी येते. शांक्सी या कोळसा खाणींच्या प्रांतातील न्यांगत्सग्वान औष्णिक वीज प्रकल्पात त्यांनी अनेक वर्षे संगणक अभियंता म्हणून नोकरी केली आणि ती सांभाळूनच लेखन केले. चीनने एप्रिल १९७० मध्ये पहिला उपग्रह सोडला तेव्हा ते सहा वर्षांचे होते आणि हनान प्रांतातील वडिलोपार्जित गावी राहत होते. रात्रीच्या आकाशातून सरकत जाणारा तो ठिपका त्यांनी गावकऱ्यांसोबत पाहिला. पायात धड बूट नसलेली, अर्धपोटी मुले आणि डोक्यावरून जाणारा उपग्रह ही आठवण त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवली आहे. गरिबी आणि अंतराळ यांचे हे एकत्र येणे त्यांच्या कथांमध्ये वारंवार दिसते.

त्रयीचा पहिला भाग २००६ मध्ये छंगदू येथून निघणाऱ्या ‘सायन्स फिक्शन वर्ल्ड’ या मासिकात क्रमशः छापून आला आणि २००८ मध्ये पुस्तकरूपात निघाला. दुसरा भाग ‘द डार्क फॉरेस्ट’ही त्याच वर्षी आला. तिसरा भाग २०१० च्या अखेरीस प्रकाशित झाला. त्याच्या चिनी नावाचा अर्थ साधारण ‘मृत्युदेव चिरंजीव आहे’ असा होतो. इंग्रजीत मात्र त्याचे नाव ‘डेथ्स एंड’, म्हणजे जवळजवळ उलट अर्थाचे आहे.

तिसऱ्या भागाबद्दल शंका का होती?

थोडक्यात कथा अशी. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात डोळ्यांदेखत वडिलांची हत्या झालेली एक चिनी खगोलभौतिकशास्त्रज्ञ अंतराळात संदेश पाठवते. तीन सूर्यांच्या ओढाताणीत सापडलेल्या एका ग्रहावरची संस्कृती तो ऐकते आणि पृथ्वी ताब्यात घेण्यासाठी ताफा पाठवते. हा ताफा पोहोचायला सुमारे साडेचारशे वर्षे लागणार असतात.

विज्ञानकथा न वाचणाऱ्यांनाही पुस्तक हाती घ्यावेसे वाटावे, म्हणून पहिले दोन भाग जाणीवपूर्वक वर्तमानाच्या आणि नजीकच्या भविष्याच्या जवळ ठेवले होते. वाचकाला ओळखीची जमीन पायाखाली असावी, हा त्यामागचा हिशेब. तिसऱ्या भागात तो हिशेब चालणार नव्हता. कथा आता दूरच्या भविष्यात आणि विश्वाच्या अंतापर्यंत जाणार होती. सामान्य वाचक तिथे टिकणार नाही, असे लेखक आणि प्रकाशक दोघांचेही मत झाले. त्रयीच्या अमेरिकी आवृत्तीसाठी लिहिलेल्या लेखात लिऊ यांनी ही गोष्ट मोकळेपणाने सांगितली आहे.

मग त्यांनी काय केले?

दोन मार्ग होते. शेवट सोपा करून, ओळखीच्या जगात ठेवून जास्तीत जास्त वाचक धरून ठेवायचे. किंवा बाजाराचा विचार सोडून द्यायचा. लिऊ यांनी दुसरा मार्ग निवडला. आपण स्वतः विज्ञानकथेचे कट्टर वाचक आहोत, तेव्हा निदान हा भाग आपल्यासारख्यांसाठी लिहू, असे त्यांनी ठरवले. मग त्यात अनेक मितींची आणि द्विमितीय विश्वे, कृत्रिम कृष्णविवरे, छोटी खासगी विश्वे असे सगळे आले.

आणि नेमका हाच भाग गाजला. लिऊ यांच्याच सांगण्यानुसार, संपूर्ण त्रयी लोकप्रिय झाली ती या तिसऱ्या भागामुळे. तिसरा वाचण्यासाठी लोक पहिल्यापासून सुरुवात करू लागले.

प्रचार कोणी केला?

मोठा वाटा वाचकांचा होता, आणि त्यातही विज्ञानकथेच्या ठरलेल्या वर्तुळाबाहेरच्या वाचकांचा. चीनमधील इंटरनेट उद्योजकांनी कादंबरीतील कल्पना आपल्या धंद्याला लावल्या. ली म्याओ या विश्वरचनाशास्त्रज्ञाने त्रयीतील भौतिकशास्त्रावर स्वतंत्र पुस्तकच लिहिले.

तिसऱ्या भागातील एक कल्पना तर चिनी व्यवसायाच्या बोलीभाषेत रुजली. ती म्हणजे ‘मिती घटवून केलेला हल्ला’. समोरच्याशी त्याच्याच मैदानात लढायचे नाही, मैदानच असे बदलायचे की त्याची सगळी ताकद निरुपयोगी ठरावी, असा तिचा अर्थ. आपल्या हातातलेच उदाहरण घेऊ. फोनमध्ये चांगला कॅमेरा आला आणि खिशात मावणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्यांचा धंदा बसला. आणखी चांगला छोटा कॅमेरा बनवून ती स्पर्धा जिंकता येणार नव्हती, कारण लोकांना वेगळे यंत्र बाळगायचेच नव्हते. कादंबरी न वाचलेला माणूसही बैठकीत तिच्यातला शब्द वापरू लागला, की जाहिरातीची वेगळी गरज राहत नाही.

तिसऱ्या भागाची नायिका छंग शिन ही अंतराळ अभियंता. मानवजातीचे भवितव्य ठरवणारे निर्णय तिच्या हाती येतात आणि ती माणुसकीच्या बाजूने कौल देते. त्याची किंमत मोठी असते. ती बरोबर की चूक, यावर चिनी वाचकांमध्ये कडाक्याचे वाद झाले. तिच्यावर टीकाही भरपूर झाली. या वादांनीही पुस्तक चर्चेत ठेवले.

इंग्रजीत शेवटचा भाग कसा पोहोचला?

इंग्रजी वाचकांसाठी पहिला भाग नोव्हेंबर २०१४ मध्ये आला. अनुवाद केन लिऊ यांचा. आडनाव तेच असले तरी दोघे नातेवाईक नाहीत. केन लिऊ स्वतः नावाजलेले विज्ञानकथाकार आहेत. मूळ चिनी पुस्तकात सांस्कृतिक क्रांतीची प्रकरणे मध्यावर होती, ती इंग्रजीत सुरुवातीला आली. मासिकात कथेची सुरुवात तशीच होती.

पुढे नशिबाचाही भाग होता. २०१५ च्या ह्यूगो पुरस्कारांच्या अंतिम यादीत ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ सुरुवातीला नव्हती. गट करून नामांकने भरल्याचा मोठा वाद त्या वर्षी झाला. त्या गटाच्या यादीत आपले नाव आल्यामुळे मार्को क्लूस या लेखकाने आपले नामांकन मागे घेतले आणि रिकाम्या जागेवर लिऊ यांची कादंबरी आली. ऑगस्ट २०१५ मध्ये तिला पुरस्कार मिळाला. सर्वोत्कृष्ट कादंबरीचा ह्यूगो मिळवणारी ही पहिली अनुवादित कादंबरी. विजेत्याचे नाव आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातून अंतराळवीर केल लिंडग्रेन यांनी जाहीर केले. विज्ञानकथेसाठी याहून चांगले व्यासपीठ मिळणे कठीण.

त्यामुळे सप्टेंबर २०१६ मध्ये सुमारे ६०० पानांचा शेवटचा भाग इंग्रजीत आला, तेव्हा वाचक वाटच पाहत होते. आणखी एक योगायोग जुळला. पुस्तक येण्याच्या जेमतेम महिनाभर आधी, २४ ऑगस्ट २०१६ रोजी खगोलशास्त्रज्ञांनी ‘प्रॉक्झिमा सेंटॉरी’ या आपल्या सर्वांत जवळच्या ताऱ्याभोवती ग्रह सापडल्याचे जाहीर केले. हा तारा सुमारे ४.२ प्रकाशवर्षे दूर आहे, आणि कादंबरीतील परकीयांचे घरही त्याच तारकासमूहात आहे. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बराक ओबामा यांनी एका मुलाखतीत या त्रयीचे कौतुक केले. एवढा मोठा पट वाचल्यावर संसदेशी रोजची भांडणे किरकोळ वाटतात, असा त्यांचा सूर होता. त्याच वर्षी ‘डेथ्स एंड’ला लोकस पुरस्कार मिळाला आणि ह्यूगोच्या अंतिम यादीतही तिचे नाव होते.

पुस्तकातील विज्ञान कितपत खरे?

(सूचना : शेवटचा भाग वाचायचा असेल, तर हा मुद्दा गाळून पुढे जावे. यात कथानक उघड होते.)

तीन सूर्य : दोन गोलांची एकमेकांभोवतीची गती सूत्रात बसवता येते. तिसरा आला, की सुरुवातीच्या अगदी बारीक फरकानेही पुढचे चित्र पूर्ण बदलते. फ्रेंच गणितज्ञ आंरी प्वांकारे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे दाखवून दिले. प्रत्यक्षातील अल्फा सेंटॉरी मात्र कादंबरीइतकी बेभरवशाची नाही. तिथले दोन मोठे तारे सुमारे ८० वर्षांत एकमेकांभोवती फेरी मारतात आणि प्रॉक्झिमा त्यांच्यापासून फार दूर आहे. त्यामुळे ही व्यवस्था बरीच स्थिर आहे.

प्रकाशाचा वेग घटवणे : विश्व हे अंधाऱ्या जंगलासारखे आहे आणि जो आपला ठावठिकाणा दाखवतो तो मारला जातो, ही दुसऱ्या भागातील कल्पना. तिसऱ्या भागात त्यावर एक तोडगा येतो. सूर्यमालेभोवती प्रकाशाचा वेग सेकंदाला १६.७ किलोमीटरपर्यंत खाली आणायचा. हा आकडा मुद्दाम निवडलेला आहे. पृथ्वीवरून निघून सूर्यमालेबाहेर पडण्यासाठी किमान तेवढा वेग लागतो. प्रकाशाहून वेगाने काहीच जाऊ शकत नसल्याने आतून कोणी बाहेर पडणार नाही. म्हणजे ‘आमच्यापासून धोका नाही’ अशी ती विश्वाला दिलेली हमी. प्रकाशाचा वेग असा बदलण्याचा मार्ग आज विज्ञानाकडे नाही, पण त्यामागचे गणित चोख आहे.

मिती घटवणे : शेवटी सूर्यमाला त्रिमितीतून द्विमितीत, एखाद्या चित्रासारखी सपाट होत जाते. हे निव्वळ कल्पित आहे. मात्र दोन मितींत जीवन का अवघड, याचे उत्तर कागदावर मिळते. सपाट प्राण्याच्या तोंडापासून दुसऱ्या टोकापर्यंत अन्ननलिका काढून पाहा. प्राण्याचे दोन तुकडे होतात.

प्रसिद्धीची दुसरी बाजू कोणती?

लेखक जगभर पोहोचला, की त्याची मतेही पोहोचतात. २०१९ मध्ये ‘द न्यूयॉर्कर’ला दिलेल्या मुलाखतीत लिऊ यांनी शिनच्यांगमधील उइगुर मुस्लिमांबाबतच्या चीन सरकारच्या धोरणाचे समर्थन केले. पुढच्या वर्षी नेटफ्लिक्सने मालिकेची घोषणा केली, तेव्हा अमेरिकेच्या पाच रिपब्लिकन सिनेटरांनी कंपनीला पत्र लिहून जाब विचारला. लिऊ हे पुस्तकाचे लेखक आहेत, मालिकेचे निर्माते नाहीत आणि त्यांच्या मतांशी आम्ही सहमत नाही, असे उत्तर कंपनीने दिले. पुस्तक आणि लेखक वेगळे पाहायचे का, हा प्रश्न तेव्हापासून या त्रयीला चिकटलेला आहे. तो वाचकाने स्वतःच सोडवायचा आहे.

नव्या वाचकाने कुठून सुरुवात करावी?

मार्च २०२४ मध्ये आलेल्या नेटफ्लिक्स मालिकेच्या पहिल्या पर्वात आठ भाग होते. त्यात शेवटच्या कादंबरीतील काही पात्रे आणि घटना आधीच आणल्या आहेत. मरणाच्या दारातील माणसाचा मेंदू परकीयांच्या ताफ्याकडे पाठवण्याची योजना मूळची ‘डेथ्स एंड’मधली. जो भाग खपणार नाही असे वाटत होते, तो पडद्यावर प्रेक्षकाला पहिल्याच पर्वात दाखवावासा वाटला, यातच सगळे आले. त्याच वर्षी मे महिन्यात कंपनीने कथा शेवटपर्यंत नेण्याचे जाहीर केले.

पुस्तके मात्र क्रमानेच वाचावीत. पहिल्या भागाची सुरुवात जड आहे, दुसऱ्याचा पूर्वार्ध संथ आहे. तिथे अनेकांचे वाचन थांबते. पण दोन भाग पार केलेल्याला तिसऱ्यात जे मिळते, ते वाचकाला काय झेपेल याचा अंदाज बांधत बसलेल्या लेखकाकडून मिळाले नसते.