'नाइटमेअर'मधली घोडी

इंग्रजीत 'मेअर' म्हणजे घोडी. मग 'नाइटमेअर' म्हणजे रात्रीची घोडी का? व्युत्पत्तीचा अभ्यास सुरू केला की हा प्रश्न कधी ना कधी समोर येतोच. उत्तर 'नाही' असं आहे. पण ते कशावरून म्हणायचं, हे बघण्यासारखं आहे.

हेन्री फ्यूसेलीचं १७८१ सालचं 'द नाइटमेअर' हे चित्र शोधून बघा. झोपलेल्या बाईच्या छातीवर एक ठेंगणं भूत उकिडवं बसलंय आणि पडद्यामागून घोड्याचं डोकं आत डोकावतंय. शब्दाचा मूळ अर्थ त्या भुतात आहे. घोडं बहुधा उच्चारसाम्यातून आलेलं.

याचा पुरावा जुन्या रूपांत मिळतो. जुन्या नॉर्स भाषेत झोपलेल्याला चिरडणारी ती 'मारा', आणि घोडी म्हणजे 'मेर्र'. जुन्या इंग्रजीतही दोन्ही शब्दांची रूपं वेगळी होती. पुढे उच्चार बदलत बदलत ती एक झाली. म्हणजे आज एकसारखे दिसणारे शब्द मुळात एक होते की नंतर एक झाले, हे आजच्या रूपावरून कळत नाही. मागे जावंच लागतं.

ही मारा काय करायची? तेराव्या शतकात स्नोरी स्टुर्लुसनने लिहिलेल्या 'इंगलिंगा सागा'त वानलांडी राजाची गोष्ट आहे. झोपेत मारा आपल्याला तुडवतेय असं तो ओरडतो. माणसं डोकं धरायला धावली की ती पाय चिरडते, पायांकडे गेली की डोकं दाबते. शेवटी राजा मरतो. यात स्वप्न कुठेच नाही, नुसतं वजन आहे. 'नाइटमेअर'चा 'वाईट स्वप्न' हा अर्थ बराच उशिरा रूढ झाला.

फ्रेंच 'कोशमार'मध्येही हीच मारा लपलीय. शब्दाचा पहिला भाग 'तुडवणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून आला आणि दुसरा मध्ययुगीन डच भाषेतून. तोच शब्द पुढे रशियनने उचलला.

आता गंमत अशी, की ज्या भाषांत 'मारा' नाही तिथेही वजन आहेच. स्पॅनिश 'पेसादिया' वजनाच्या शब्दावरून बनला. लॅटिन 'इन्क्युबस' म्हणजे अंगावर पडून राहणारा. फिनिश 'पाइनायाइनेन' दाबण्याच्या क्रियापदावरून आलाय, आणि फिनिश तर इंडो-युरोपीय कुळातलीच नाही! मग हे साम्य शब्दांच्या नात्यातून आलं असं म्हणता येत नाही. इथे शरीराकडे बघावं लागतं. स्वप्नं पडणाऱ्या झोपेत आपले स्नायू जवळपास लुळे असतात. कधी कधी जाग येते, पण तो लुळेपणा उतरलेला नसतो. हलता येत नाही, छातीवर दडपण येतं, खोलीत कोणीतरी आहे असं वाटतं. याला निद्रापक्षाघात म्हणतात. आपल्याकडेही लोक 'छातीवर कोणीतरी बसलं होतं' असंच सांगतात ना?

एव्हाना तुमच्या मनात बुद्धाला बोधिवृक्षाखाली छळणारा 'मार' आला असेल. बौद्ध परंपरेतला हा शब्द 'मृ' धातूचा, म्हणजे मरण आणणारा. उत्तरेकडच्या मारेला काही अभ्यासक याच मरणाच्या धातूशी जोडतात. इतरांच्या मते तिचा धातू चिरडण्याचा, संस्कृत 'मृणाति'च्या जवळचा. मला दुसरं मत जास्त पटतं, कारण गोष्टींमधली मारा आधी चिरडते. मरण दर वेळी येतंच असं नाही. पण 'मार' आणि 'मारा' कानाला सारखे लागतात, एवढ्यावर नातं जुळवू नका.

हिब्रू 'लिलिथ'चंही असंच झालं. हिब्रूत रात्र म्हणजे 'लायला', म्हणून लिलिथला रात्रीची राक्षसी ठरवून टाकलं गेलं. पण तिचं नाव अक्कादी 'लिलितू'कडे जातं आणि त्यामागे वाऱ्यासाठीचा सुमेरियन शब्द 'लिल' असल्याचं बहुतेक अभ्यासक मानतात. रात्र तिला कानाने चिकटवली, जशी मारेला घोडी.