बीडमध्ये सायकल घ्यायची तर हायब्रिड की एमटीबी? डोंगर बघून ठरवू नका

बीडहून सोलापूरच्या दिशेने निघालं की मांजरसुंब्याचा घाट लागतो. पहाटे सायकल घेऊन तिकडे जाणारे बरेच असतात. त्यामुळे नवी गिअरची सायकल घेणाऱ्याला पहिला सल्ला मिळतो तो ठरलेला : आपल्याकडं डोंगर आहेत, माउंटन बाईकच घे. दुकानातही जाड टायर, पुढं शॉकअप, डिस्क ब्रेक असली सायकल समोर उभी असते आणि दिसतेही भारी.

पण घाट डांबरी आहे. आणि माउंटन बाईक डांबरी चढासाठी जन्मलीच नव्हती.

१९७० च्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्नियातली काही पोरं जुन्या वजनदार सायकली घेऊन मातीच्या डोंगरउतारावर सुसाट सुटायची. ब्रेक इतके तापायचे की हबमधलं ग्रीस जळून जायचं आणि खाली आल्यावर ते पुन्हा भरावं लागायचं. म्हणून १९७६ साली सुरू झालेल्या त्यांच्या शर्यतीचं नावच पडलं 'रिपॅक'. थोडक्यात, एमटीबी खडबडीत उतार झेलायला बनली. डांबरावर चढताना तिचा शॉकअप प्रत्येक पॅडलला खालीवर होतो आणि पायातली ताकद खातो. स्वस्त सायकलीत हा शॉकअप दोनेक किलोचं नुसतं ओझं असतो. त्यापेक्षा शॉकअप नसलेली सायकल परवडली.

हायब्रिड म्हणजे रोड बाईक आणि एमटीबी यांच्या मधली. साधारण ३५ ते ४५ मिलिमीटरचा टायर, बसायची पद्धत सरळ, कमी वजन. गेवराईपासून बीडमार्गे मांजरसुंबा, चौसाळा असा जाणारा धुळे-सोलापूर महामार्ग, शहरातली ये-जा, कपिलधारची रविवारची चक्कर, एवढ्यासाठी ती पुरते. अट एकच, टायर ४० मिमीच्या आसपास हवा. कारण उसाच्या सीझनमध्ये दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर मागून आला की साईडपट्टीवर उतरावंच लागतं, आणि तिथं बारीक टायर घसरतो.

मग एमटीबी कुणी घ्यावी? ज्याचा रोजचा रस्ताच मुरुमाचा किंवा खडीचा आहे त्यानं. पाटोदा, आष्टी, धारूर भागातल्या वाड्या-वस्त्यांवरून ये-जा असेल तर जाड टायरात हवा थोडी कमी ठेवून चालवता येते आणि हाताला हादरे कमी बसतात. शिवाय बऱ्याच एमटीबींची पुढची सगळ्यात लहान चकती साधारण २४ दात्यांची असते, हायब्रिडची २८ च्या आसपास. चढाला हा फरक गुडघ्यांना कळतो. म्हणून घाटासाठी सायकल बघताना नावापेक्षा दाते मोजा.

गंगथडीच्या काळ्या मातीत मात्र पावसाळ्यात दोघींचंही तेच. एमटीबीच्या फोर्कमध्ये जागा जास्त असल्यानं चाक थोडं उशिरा जाम होतं, एवढंच. आधी मडगार्ड भरतं, मग सायकल खांद्यावर. आणि वेड्या बाभळीचा काटा जाड टायरलाही सोडत नाही. ट्यूबमध्ये पंक्चररोधक द्रव भरून घेतलेला बरा.

आता दुकानात कुणी सांगत नाही ती गोष्ट. हायब्रिडचं चाक ७००सी मापाचं असतं, म्हणजे टायर बसतो तो रिमचा व्यास ६२२ मिमी. गावातल्या पंक्चरवाल्याकडं जुन्या काळ्या सायकलीचा २८ इंची टायर मिळतो, पण त्याचा व्यास ६३५. दोन्हींना बोलीत '२८'च म्हणतात, आणि एकाचा टायर दुसऱ्यावर बसत नाही. २६ इंचातही हाच घोळ आहे : एमटीबीचा ५५९, साध्या सायकलीचा ५९०. म्हणून टायरच्या कडेला छापलेला '४०-६२२' असा आकडा बघून ठेवा आणि एक जादा ट्यूब पिशवीत टाका.

गंमत म्हणजे २९ इंची एमटीबीचा व्यासही ६२२च. अशी सायकल आधीच घेतलेली असेल आणि चालवणं मात्र डांबरावरच होत असेल, तर ती विकायची घाई नको. रिमच्या रुंदीला चालेल असा कमी नक्षीचा, थोडा अरुंद टायर टाकून बघा. शॉकअपला लॉकआउटचं बटण असेल तर मांजरसुंब्याचा चढ लागायच्या आधी ते फिरवा.