पंधरा खाटा, खाणकामगारांच्या

हॉस्पिटल कोण काढतं? सरकार, एखादा ट्रस्ट, नाहीतर पैसेवाले डॉक्टर. असंच वाटतं ना तुम्हाला? मग दल्ली राजहराची गोष्ट ऐकाच. नागपूरहून रेल्वेने दुर्गला जायचं आणि तिथे गाडी बदलायची. छत्तीसगडमधलं हे खाणींचं छोटं गाव. भिलाईच्या पोलाद कारखान्याला लागणारं लोहखनिज इथल्या डोंगरांतून जायचं.

१९७७ साली इथल्या कंत्राटी खाणकामगारांनी शंकर गुहा नियोगींना सोबत घेऊन स्वतःची युनियन काढली. २ आणि ३ जूनला पोलिसांनी गोळीबार केला. ११ जण गेले. युनियन तरीही टिकली. पण पुढे तिच्याच उपाध्यक्ष कुसुमबाई बाळंतपणात दगावल्या, वेळेवर उपचार मिळाले नाहीत म्हणून. युनियनच्या पुढारी बाईची ही गत, तर बाकीच्यांचं काय? मजुरीसाठी भांडणारे लोक दवाखान्याचं बोलायला लागले ते तेव्हापासून.

बाहेरची देणगी घ्यायची नाही, असं ठरलं. पैसे कामगारांनी आपल्या कमाईतून काढले, बांधकामावर घामही त्यांनीच गाळला. श्रमदान हा शब्द आपल्याकडे एनएसएसच्या कॅम्पपुरता उरलाय. तिथे त्यातून भिंती उभ्या राहिल्या. ३ जून १९८३ रोजी, म्हणजे गोळीबाराच्या तारखेलाच, १५ खाटांचं 'शहीद हॉस्पिटल' सुरू झालं.

डॉक्टर मात्र बाहेरून आले. बिनायक सेन, आशीष कुंडू, शैबाल जाना, सगळे तेव्हा तरुण. पण मला सगळ्यात भारी वाटतं ते पुढचं. मदतीला माणसं कुठून आणायची? कामगार आणि त्यांची मुलंच हे काम शिकली. काही जण खाणीतली पाळी संपवून वॉर्डात यायचे. हॉस्पिटलचे निर्णयही डॉक्टर एकटे घेत नसत, बैठकीला कामगार असायचे. आणि डॉक्टर लोकांना काय सांगायचे? साधे जुलाब झाले की लगेच सलाईन मागू नका, मीठ-साखरेचं पाणी प्या. सुई टोचल्याशिवाय बरं वाटत नाही म्हणणाऱ्यांना हे पटवणं सोपं नव्हतं. (आपल्या आजीला पटवून बघा!)

२८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत नियोगींचा खून झाला. खाणींत यंत्रं आली, हातांना काम कमी झालं. हॉस्पिटल मात्र बंद पडलं नाही. खाटा शंभरावर गेल्या, आसपासच्या खेड्यांतून पेशंट येत राहिले. आणि १५ खाटांच्या दिवसांत आलेले डॉ. जाना पुढची कित्येक वर्षं तिथेच राहिले.