भाड्याचा संगणक आणि घरचा कारभार

‘आमचा सारा कारभार आता क्लाउडवर जाणार’ हे वाक्य अलीकडे कारखान्यांच्या कचेऱ्यांत आणि पतपेढ्यांतही ऐकू येते. सांगणाऱ्याच्या सुरात अभिमान असतो, ऐकणाऱ्या कारकुनाच्या मनात धास्ती असते. आणि क्लाउड म्हणजे नेमके काय, हे पुष्कळदा दोघांनाही ठाऊक नसते. म्हणून प्रथम शब्दाचाच उलगडा करू.

क्लाउड म्हणजे ढग. पण या व्यवहाराचा आभाळाशी काडीचा संबंध नाही. दुसऱ्याच्या मालकीचे संगणक दूरच्या इमारतीत अहोरात्र चालू असतात. ते इंटरनेटवरून आपण भाड्याने वापरतो, आणि जेवढा वापर तेवढे भाडे भरतो. अमेरिकेतील अ‍ॅमेझॉन कंपनीने २००६ साली हा धंदा मोठ्या प्रमाणावर मांडला, आणि २०१६ साली मुंबईतही त्याची केंद्रे उघडली.

मुंबईला हा प्रकार अगदीच नवा नाही. एके काळी गिरण्या आपापल्या आवारात बॉयलर पेटवून वाफेवर यंत्रे चालवीत. १९१५ साली टाटांच्या खोपोलीच्या केंद्रातून पाण्यावर निर्माण झालेली वीज मुंबईत आली, आणि गिरण्या हळूहळू बाहेरची वीज घेऊ लागल्या. गिरणीचा धंदा कापड विणण्याचा, वाफ करण्याचा नव्हे, हा त्यामागचा विचार. क्लाउडचा पुरस्कार करणारे हाच दाखला देतात, आणि तो बराचसा खरा आहे. मात्र एक भेद विसरता कामा नये. वीज कोणाचीही घेतली तरी ती वीजच. पण खातेवह्या, ग्राहकांची नावे आणि कामगारांची पगारपत्रके आपली एकट्याची असतात. ती हरवली, तर दुसऱ्या दुकानातून विकत आणता येत नाहीत.

तेव्हा जावे केव्हा? दोन कंपन्यांची उदाहरणे बोलकी आहेत. नेटफ्लिक्स ही कंपनी पूर्वी चित्रपटांच्या चकत्या टपालाने घरोघर पाठवी. ऑगस्ट २००८ मध्ये तिच्या स्वतःच्या संगणकांतील माहितीचा साठा बिघडला आणि तीन दिवस चकत्या रवाना होईनात. कंपनीने अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर जाण्याचे ठरविले. हे स्थलांतर एका रात्रीत झाले नाही. ते जानेवारी २०१६ मध्ये, सुमारे सात वर्षांनी पुरे झाले. रात्री प्रेक्षकांची झुंबड आणि पहाटे शुकशुकाट, अशा धंद्याला भाड्याची यंत्रे सोयीची पडली.

ड्रॉपबॉक्स कंपनीने याच्या उलट वाट धरली. लोकांच्या फायली सांभाळणे हाच तिचा धंदा. साठा प्रचंड आणि कायमचा. तिने २०१५ च्या सुमारास बहुतेक साठा अ‍ॅमेझॉनकडून काढून स्वतःच्या यंत्रांवर आणला, आणि पुढील दोन वर्षांत सुमारे साडेसात कोटी डॉलरांचा खर्च वाचल्याचे २०१८ साली जाहीर केले.

यातील तत्त्व आपल्या घरातही आहे. लग्नकार्याला आपण मांडव आणि भांडी भाड्याने आणतो. पण रोजच्या पोळीचा तवा कोणी भाड्याने आणीत नाही. काम कमीजास्त होत असेल, जुना सर्व्हर मोडकळीस आला असेल, तो सांभाळणारा जाणता माणूस नसेल, तर क्लाउडवर जाणे शहाणपणाचे. काम बारमाही एकसारखे आणि मोठे असेल, माणसे तयार असतील, तर घरची यंत्रे बहुधा स्वस्त पडतात.

हिशेब मात्र पुरता मांडावा. एका बाजूला यंत्राची किंमत त्याच्या आयुष्यावर वाटून, वीज, दुरुस्ती आणि पगार. दुसऱ्या बाजूला मासिक भाडे, माहिती बाहेर पाठविण्याचा आकार आणि भरवशाचे इंटरनेट. पुष्कळदा व्यवस्थापन पहिली बचत दाखविते ती संगणक खात्यातील माणसांच्या पगाराची. आम्ही कामगारांच्या वतीने वाटाघाटींना बसतो, तेव्हा येथेच अडवून विचारतो की, भाड्याच्या यंत्रावर कोणाला काय पाहण्याची मुभा आहे आणि बिल का फुगले, हे पाहणार कोण? भाड्याने यंत्र मिळते. आपल्या कारभाराची जाण मिळत नाही. ती ज्यांच्यापाशी आहे, त्यांनाच नवे काम शिकवावे.

१० मार्च २०२१ रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या केंद्राला आग लागून एक इमारत जळून गेली. ज्यांनी दुसरी प्रत अन्यत्र ठेवली नव्हती, अशा काही ग्राहकांची माहिती कायमची गेली. क्लाउडवर गेले म्हणजे काळजी मिटली, असे नव्हे. आपल्याकडील २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे तत्त्वही हेच आहे: माहिती हाताळण्याचे काम दुसऱ्याला दिले, तरी जबाबदारी ज्याने ती गोळा केली त्याचीच.

तात्पर्य, करारावर सही करण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर असाव्यात: दुसरी प्रत कोठे राहील, किल्ली कोणाच्या हाती राहील, आणि सोडून जावयाचे झाल्यास आपली माहिती कशी व किती दिवसांत परत मिळेल. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी प्यावयाचेच असेल, तर घरचा घडा फोडून टाकू नये. आणि हा निर्णय चालकांच्या खोलीत एकट्याने होऊ नये. ज्यांच्या पगाराची वही त्या यंत्रात आहे, त्यांनाही तो विचारला गेला पाहिजे.