बनियन, भेंडी आणि वीस ग्रॅमचा कागद

सुरुवातीलाच कबूल करते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर पोटात घाला. पण हा विषय मराठीतच लिहायचा होता, कारण त्याची सुरुवात एका मोडी कागदापासून झाली.

निफाड तालुक्यात आमचं गाव आहे. तिथे घरी एक पत्र्याची ट्रंक आहे आणि तिच्यात आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, जमिनीचा एक जुना मोडी कागद जपून ठेवलाय. तो घडीवर फाटला होता. मी पाचवीत असताना, आबा बाहेर गेलेले बघून, क्राफ्टच्या तासाचं ज्ञान पाजळलं आणि कागदाला मागून-पुढून चिकटपट्टी लावून टाकली. आबा आले, त्यांनी बघितलं, काही बोलले नाहीत. कागद घडी करून परत ट्रंकेत ठेवला. मागच्या दिवाळीत ती ट्रंक उघडली तेव्हा चिकटपट्टी तपकिरी झाली होती, गोंद अक्षरांत उतरला होता, आणि पट्टीच्या कडेला कागद नव्याने फाटला होता. मी जोडला होता तिथे नाही, त्याच्या शेजारी!

तेव्हापासून एकच प्रश्न डोक्यात. जुना कागद फाटला तर मग जोडायचा कशाने? उत्तर सोपं आहे: कागदानेच. फक्त तो कागद अतिशय पातळ, लांब धाग्यांचा आणि शक्यतो हाताने केलेला हवा.

पातळच का?

स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सचा तास आठवा. मऊ वस्तूला कडक पट्टी जोडली की सगळा ताण पट्टीच्या कडेला गोळा होतो आणि तिथेच तुकडा पडतो. आमच्या कागदाचं नेमकं हेच झालं. म्हणून जुनी कागदपत्रं दुरुस्त करणारे लोक एक नियम पाळतात: ठिगळ मूळ कागदापेक्षा कमजोर असावं. उद्या कोणी ओढलंच तर ठिगळ फाटावं, दस्त नाही. शिवाय ठिगळातून अक्षर दिसलं पाहिजे, आणि ते गव्हाच्या स्टार्चच्या खळीने लावलेलं असावं, म्हणजे ओलसर करून पुन्हा सोडवता येतं.

पातळपणा मोजतात तो जीएसएममध्ये, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन किती ग्रॅम. आपण झेरॉक्सला वापरतो तो ए-फोर कागद साधारण 80 जीएसएमचा असतो आणि एका पानाचं वजन 5 ग्रॅम भरतं. दुरुस्तीचा कागद याच्या कितीतरी खाली जातो. जपानच्या कोची भागातला तेंगुजो कागद यंत्रावर तर 2 ग्रॅमच्याही खाली नेला आहे. आम्ही ठरवलं, आपलं टार्गेट 20.

आपल्याकडचे कागदी

हाताने कागद करणं ही काही परदेशातून नव्याने आलेली हौस नाही. दौलताबादहून खुलताबादला जाताना वाटेत कागजीपुरा नावाचं गाव लागतं. महंमद तुघलकाने 1327 मध्ये राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा त्याच्याबरोबर आलेल्या कारागिरांनी इथे कागद करायला सुरुवात केली, असं परंपरेने सांगतात. दौलताबादी आणि जुन्नरी कागद मराठी दफ्तरांत नावाजलेले होते. पुण्याच्या कसबा पेठेतही कागदीपुरा आहे.

या कागदासाठी लाकूड लागत नसे. ताग, जुने दोर, चिंध्या हे चुन्यात भिजवून, कुटून, धुऊन लगदा करत. वाळलेल्या कागदाला खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटत, म्हणजे बोरूची शाई पसरत नसे. लाकडाइतकं लिग्निन त्यात नाही आणि चुन्यामुळे आम्लही शिल्लक राहत नाही. म्हणून दोन-अडीचशे वर्षांचा मोडी कागद शाबूत सापडतो आणि आपली दहावीची वही मात्र पिवळी पडते!

पुढे गिरणीच्या कागदाने हा धंदा बसला. 1934 मध्ये गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला आणि हातकागदाला पुन्हा हात लागला. त्या कामातले के. बी. जोशी यांनी 1940 मध्ये पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था सुरू केली. तिथला मुख्य कच्चा माल म्हणजे सुती चिंध्या, होजिअरीची कात्रणं. म्हणजे बनियनच! आणि नाशिककरांना सुती कागदाचं अप्रूप वाटायचं कारण नाही. नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये 1928 पासून नोटा छापतात, आणि आपल्या नोटांचा कागद कापसाचाच असतो. खिशात राहिलेली नोट धुण्यात जाऊनही वाचते ती त्यामुळेच.

पावसाचं गणित

आता मुद्द्यावर येऊ. कागद करायला दोन चौकटी लागतात. खालच्या चौकटीला जाळी ताणलेली, वरची नुसती मोकळी, लगदा कडेने सांडू नये म्हणून. दोन्ही एकत्र धरून लगद्याच्या पाण्यात बुडवायच्या आणि आडव्या उचलायच्या. पाणी गळून जातं, धागे जाळीवर राहतात. हा झाला कागद. गोंद कुठेच नाही. कुटलेल्या धाग्यांना बारीक लव सुटते आणि वाळताना हायड्रोजन बॉण्डमुळे ती एकमेकींना धरून बसते.

जाडी कशी ठरते? हवामान खातं म्हणतं 20 मिलिमीटर पाऊस झाला, म्हणजे दर चौरस मीटरवर 20 लिटर पाणी पडलं. इथेही तसंच. चौकटीत 20 मिलिमीटर उंच पाणी आलं आणि त्यात लिटरला 1 ग्रॅम लगदा असला, तर कागद 20 जीएसएमचा. चौकटीतली उंची गुणिले लिटरमधला लगदा, बस्स. आम्ही 25 ग्रॅम कोरड्या बनियनचा लगदा 25 लिटर पाण्यात घातला. कागदावर सगळं जमलं होतं (कोटीबद्दल क्षमस्व).

प्रत्यक्षात जे निघालं ते केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये तोललं. ए-फोरएवढं पान, दीड ग्रॅम, म्हणजे 24 जीएसएम. गणित बरोबर! पण उजेडाला धरलं तर एका जागी पापड आणि दुसऱ्या जागी चाळणी. रूममेट म्हणाली, "अगं, सरासरी पास झालीस, पण विषय सगळे राहिले!"

धागे गुंततात, त्याला भेंडी

कारण असं की लांब धागे पाण्यात एकटे राहत नाहीत. एक दुसऱ्यात अडकतो आणि गोळे होतात. धाग्याची लांबी दुप्पट केली तर गुंता होण्याची शक्यता साधारण चौपट होते, कारण इथे लांबीचा वर्ग येतो. मग धागे आखूड करावेत? तर कागद दुबळा होतो. पाणी वाढवावं? तर ते जाळीतून भसकन निघून जातं आणि धाग्यांना नीट पसरायला वेळच मिळत नाही. इथे बहुतेक लोक अडकतात, आम्हीही अडकलो.

जपानी कारागिरांनी यावर काढलेला उपाय म्हणजे पाणीच बुळबुळीत करणे. तोरोरो-आओइ नावाच्या झाडाच्या मुळाचा चिकट रस ते हौदात घालतात. हे झाड आपल्या भेंडीच्या जवळच्या नात्यातलं. हा रस गोंद म्हणून घालत नाहीत. त्याने पाणी दाट होतं, धागे एकमेकांना न अडकता तरंगत राहतात आणि पाणी जाळीतून सावकाश गळतं. तेवढ्या वेळात कारागीर चौकट मागे-पुढे हलवतो, वरचं जादा पाणी झटक्यात फेकून देतो आणि पुन्हा बुडवतो. एका जाड थराऐवजी अनेक विरळ थर एकावर एक बसतात. पहिल्यातलं भोक दुसरा झाकतो. या पद्धतीला नागाशिझुकी म्हणतात.

भेंडीचा रस आपल्याला नवा नाही. गुऱ्हाळात काकवीच्या आधी रसातली मळी वर आणायला रानभेंडी घालतात, ते ज्यांनी बघितलंय त्यांना हे चटकन कळेल.

आम्ही केलं ते असं

1. पांढरे, शंभर टक्के सुती, जुने बनियन घ्यावेत. पॉलिएस्टर चालत नाही. नखाएवढे तुकडे करून तीन-चार दिवस भिजवावेत.

2. मिक्सर धागा कापतो, पण कुटत नाही. म्हणून आधी दगडावर लाकडी दांड्याने भरपूर कुटावं, मग चिमूटभर लगदा आणि भांडंभर पाणी घेऊन मिक्सर थांबत-थांबत फिरवावा. (मेसच्या काकांनी मिक्सर दिला नाही. बरोबरच आहे त्यांचं. आम्ही जुना विकत आणला.)

3. अर्धा किलो भेंडी चिरून रात्रभर गार पाण्यात ठेवावी, सकाळी मलमलच्या फडक्यातून गाळावी. तापवू नये, गरमीने रस पातळ होतो. जपानात हे काम थंडीत चांगलं होतं ते यामुळेच. निफाडची थंडी काय असते हे आम्हाला कोणी सांगायला नको! रस त्याच दिवशी संपवावा.

4. लगदा निम्मा करावा, लिटरला अर्धा ग्रॅम. रस थोडा-थोडा घालत जावा. हात बुडवून काढल्यावर पाणी बोटांवर रेंगाळलं की पुरे.

5. चौकटीच्या जाळीवर स्क्रीन प्रिंटिंगच्या कापडाचा एक सुटा तुकडा अंथरून दोन चौकटींत पकडावा. दोनदा बुडवावं, प्रत्येक वेळी दोन्ही दिशांना हलवावं. घावन घालताना तवा फिरवतात तितक्याच हलक्या हाताने.

6. सुट्या कापडासकट कागद उचलून ओल्या चादरीवर पालथा घालावा आणि कापड एका कडेपासून मागे दुमडत सोडवावं. ही युक्ती आपल्या कागद्यांची. त्यांची गवताच्या काड्यांची छापरी गुंडाळता येते, त्यामुळे ओला कागद एकदम न सुटता एकेका रेषेवर सुटतो आणि फाटत नाही. ताणलेल्या जाळीवरून पातळ कागद उचलायला गेलात तर हातात चिंध्या येतील.

7. दोन पाट्यांमध्ये दाब द्यावा, पण हळूहळू. फर्स्ट इयरचे ड्रॉइंग बोर्ड अखेर कामाला आले. वर रात्रभर पाण्याची बादली. सकाळी मऊ ब्रशने खिडकीच्या काचेवर चिकटवून वाळवावा, नाहीतर आक्रसून सुरकुत्या पडतात.

ज्यांना उचलण्याची भीती वाटते त्यांनी नेपाळी पद्धत करावी. कापड ताणलेली चौकट पाण्यावर तरंगत ठेवायची, मोजलेला लगदा वरून ओतून हाताने पसरायचा, चौकट उचलायची आणि तशीच उन्हात ठेवायची. कागद चौकटीवरच वाळतो. फक्त जितके कागद तितक्या चौकटी लागतात.

निकाल

आमचं अकरावं पान 1.4 ग्रॅम भरलं, म्हणजे साधारण 22 जीएसएम. उजेडाला धरलं तर ढगाळ, पण भोक एकही नाही. वर्तमानपत्रावर ठेवलं तर हेडलाइन वाचता आली, बारीक मजकूर नाही. म्हणजे आबांच्या दस्ताला अजून हे चालणार नाही. फाटलेल्या वर्तमानपत्राला त्याच्या पट्ट्या खळीने लावून बघितल्या. ओढल्यावर तीन वेळा पट्टी सुटली, दोन वेळा वर्तमानपत्र फाटलं. दोन म्हणजे दोन जास्तच!

गावी गेले तेव्हा ते पान आबांना दाखवलं. त्यांनी ते बोटांत चोळलं, खिडकीकडे धरलं आणि विचारलं, "हा फाटला तर?" मी म्हटलं, "आबा, हा फाटावा म्हणूनच केलाय. तुमचा कागद फाटू नये म्हणून." मग चिकटपट्टीबद्दल दहा वर्षं राहिलेलं सॉरी म्हणाले. आबा हसले आणि म्हणाले, "अजून पातळ कर."

दस्त सध्या ट्रंकेत आहे, दोन टिपकागदांच्या मध्ये. जुनी चिकटपट्टी आम्ही ओढून काढलेली नाही आणि तुमच्याही घरी असा कागद असेल तर काढू नका. ओढली की अक्षरंही तिच्याबरोबर येतात. ते काम जाणकारांचं.

आम्ही डिसेंबरमध्ये पुन्हा बसणार आहोत, यावेळी लिटरला पाव ग्रॅम आणि चार थर. तेव्हा हॉस्टेलमधल्या सर्वांना विनंती: जुने, पांढरे, शंभर टक्के सुती बनियन फेकू नका, आम्हाला द्या. कृपया धुऊन द्या!