मैफल मोठी की ध्वनिफीत मोठी?

अमेरिकेच्या संसदेचे ग्रंथालय, म्हणजेच ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’, राष्ट्राचा ठेवा म्हणून जपण्याजोग्या काही ध्वनिमुद्रणांची दरवर्षी निवड करते. मे २०१२ मध्ये जाहीर झालेल्या यादीत ‘ग्रेटफुल डेड’ या रॉक बँडच्या एका कार्यक्रमाचा समावेश होता. हा कार्यक्रम ८ मे १९७७ रोजी न्यूयॉर्क राज्यातील इथाका येथे, कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये झाला होता. नवल याचे, की निवड झाली तेव्हा हे ध्वनिमुद्रण कोणत्याही कंपनीने प्रसिद्ध केलेले नव्हते. ते अधिकृतपणे बाजारात आले मे २०१७ मध्ये, म्हणजे मैफलीनंतर ४० वर्षांनी. मग एवढी वर्षे ते कोणी ऐकले, कसे ऐकले आणि थोर कोणी ठरवले? याचे उत्तर या बँडच्या चाहत्यांनी उभारलेल्या ध्वनिफितींच्या विलक्षण देवघेवीत आहे.

‘ग्रेटफुल डेड’ची स्थापना १९६५ मध्ये कॅलिफोर्नियात झाली. गिटारवादक जेरी गार्सिया व बॉब वीअर, बास गिटार वाजवणारा फिल लेश, ऑर्गनवादक व गायक रॉन मॅकर्नन आणि ड्रमवादक बिल क्रॉइट्झमन हे मूळचे पाच जण. १९६७ मध्ये मिकी हार्ट हा दुसरा ड्रमवादक त्यांना येऊन मिळाला. ऑगस्ट १९९५ मध्ये गार्सियाचे निधन होईपर्यंत या बँडने सुमारे २,३०० कार्यक्रम केले. रेडिओवर गाजलेल्या गाण्यांच्या हिशेबात मात्र त्यांची कमाई जेमतेमच. अमेरिकेतील पहिल्या दहा गाण्यांत त्यांचे एकच गाणे पोहोचले, तेही स्थापनेनंतर तब्बल २२ वर्षांनी, १९८७ मध्ये. ध्वनिमुद्रिकांच्या खपावर जगणाऱ्या व्यवसायात हा बँड तगून राहिला तो मुख्यतः मैफलींच्या बळावर.

कारण त्यांची दोन रात्रींची गाणी सारखी नसत. ‘डार्क स्टार’ हे त्यांचे गाणे १९६८ मध्ये छोट्या तबकडीवर निघाले, तेव्हा ते तीन मिनिटांच्या आत संपत होते. दुसऱ्याच वर्षी निघालेल्या ‘लाइव्ह/डेड’ या मैफलीच्या ध्वनिमुद्रिकेत तेच गाणे २३ मिनिटांचे झाले आणि मे १९७२ मध्ये रॉटरडॅम येथे त्याने पाऊण तास ओलांडला. बंदिश दोन ओळींची असते आणि राग मांडण्याचे काम गवई त्या-त्या वेळी करतो, हे ज्यांच्या अंगवळणी पडले आहे त्या आपल्याकडच्या श्रोत्यांना यात फारसे आश्चर्य वाटू नये. पाश्चात्त्य रॉक संगीतात मात्र स्टुडिओत घडवलेली ध्वनिमुद्रिका हीच मूळ कृती आणि व्यासपीठावरचे सादरीकरण ही तिची नक्कल, अशी समजूत रूढ होती. ‘ग्रेटफुल डेड’ने हे नाते उलटे केले. साहजिकच, कालचा ‘डार्क स्टार’ पुन्हा ऐकायचा तर तो कोणीतरी टिपून ठेवणे भाग होते.

ते काम चाहत्यांनी अंगावर घेतले. १९७० च्या दशकाच्या आरंभीपासून काही तरुण कोटाखाली टेपरेकॉर्डर लपवून सभागृहात शिरू लागले. १९७१ च्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर बँडने चाहत्यांना आपले पत्ते कळवण्याचे आवाहन केले आणि त्यातून ‘डेडहेड्स’ या नावाने ओळखली जाणारी मंडळी एकमेकांना सापडू लागली. १९७४ मध्ये फितींची अदलाबदल सोपी व्हावी म्हणून एक छोटेखानी पत्रक निघाले. ‘रेलिक्स’ हे संगीतविषयक नियतकालिक त्यातूनच वाढले. सुरुवातीला बँडच्या कर्मचाऱ्यांनी काही तारा तोडल्या, काही यंत्रे जप्तही केली. पण खुद्द वादकांना या प्रकाराचे वावडे नव्हते. अखेर ऑक्टोबर १९८४ मध्ये बर्कले येथील कार्यक्रमांपासून ध्वनिमुद्रण करणाऱ्यांसाठी स्वतंत्र तिकिटे आणि मिक्सरच्या मागची स्वतंत्र जागा देण्यात आली. यात औदार्य होते तसा व्यवहारही होता. मायक्रोफोनच्या उंच काठ्यांचे रान मिक्सरच्या पुढे माजल्याने ध्वनितंत्रज्ञाला व्यासपीठच दिसेनासे झाले होते!

या देवघेवीचा एक अलिखित कायदा होता: फीत विकायची नाही. ज्याच्याकडे बदल्यात देण्याजोगे काही नसे त्याने कोऱ्या कॅसेट आणि परतीच्या टपालाचा खर्च पाठवायचा. जुन्या चाहत्याने त्यावर प्रत काढून द्यायची. १९८७ पासून तर कोणत्या रात्री कोणती गाणी कोणत्या क्रमाने झाली याची जंत्री देणारे ‘डेडबेस’ नावाचे जाडजूड पुस्तकच निघू लागले. पुण्या-मुंबईत खासगी मैफलींच्या फिती जिवापाड जपणाऱ्या आणि योग्य माणूस पाहूनच त्यांची प्रत देणाऱ्या संगीतप्रेमींची येथे आठवण व्हावी. फरक एवढाच, की तिकडे ही गोष्ट हजारो लोकांची झाली.

चाहत्यांच्या चर्चेत कार्यक्रम कसा झाला याच्या जोडीने, किंबहुना त्याआधी, फीत कोठून आली हा प्रश्न असतो. मिक्सरमधून थेट घेतलेल्या ध्वनिमुद्रणात प्रत्येक वाद्य स्वच्छ ऐकू येते, पण सभागृह हरवते. शिवाय मिक्सरवरचे मिश्रण हे प्रेक्षागृहासाठी केलेले असते. सभागृह लहान असेल तर गिटारचा आवाज व्यासपीठावरच्या अॅम्प्लिफायरमधूनच सर्वत्र पोहोचतो, त्यामुळे मिक्सरवर तो कमी ठेवला जातो. परिणामी फितीवर गायक अगदी कानाशी आणि गिटार मात्र शेजारच्या खोलीत, असा प्रकार होतो. प्रेक्षकांमधून मायक्रोफोन लावून घेतलेल्या फितीत याच्या नेमके उलट. तेथे श्रोत्यांचा हुंकार आहे, सभागृहाचा घुमारा आहे आणि शेजारच्या माणसाची अखंड बडबडही आहे.

दोन्हींचा मेळ घालून तिसरी प्रत तयार करण्याचा खटाटोपही काही जण करतात. ऐकायला सोपे वाटणारे हे काम भलतेच किचकट आहे. ध्वनीला ३० मीटर अंतर कापायला सुमारे ०.०९ सेकंद लागतो, म्हणून प्रेक्षकांतील मायक्रोफोनपर्यंत सूर पोहोचतो तोवर मिक्सरच्या फितीवर तो नोंदवून झालेला असतो. हे अंतर भरून काढावे तर दोन टेपरेकॉर्डरचा वेग तंतोतंत सारखा नसल्याने दहा मिनिटांत दोन्ही फिती पुन्हा एकमेकींपासून सरकतात. त्यात कॅसेटच्या काळात प्रत्येक प्रतीगणिक खरखर वाढत जाई. त्यामुळे प्रत कितव्या पिढीची आहे, हे वंशावळ सांगावी तसे वेष्टनावर लिहिलेले असे. संगणकावर अविकल प्रती काढणे शक्य झाल्यावर ही चिंता मिटली.

बँडचे स्वतःचे प्रयोगही या चर्चेत येतात. त्यांचा ध्वनितंत्रज्ञ औस्ली स्टॅन्ली हा आरंभापासूनच प्रत्येक कार्यक्रम स्वतःच्या अभ्यासासाठी टिपून ठेवणारा गृहस्थ. त्याच्या कल्पनेतून १९७४ मध्ये ‘वॉल ऑफ साउंड’ ही सुमारे ६०० स्पीकरची आणि ७५ टन वजनाची भिंत उभी राहिली. ती वादकांच्या पाठीमागे असे आणि श्रोते जे ऐकत तेच वादकही ऐकत. स्पीकरचा आवाज पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरून शिटी वाजू नये म्हणून प्रत्येक गायकापुढे दोन मायक्रोफोन एकमेकांच्या विरुद्ध जोडलेले असत. गायक एकातच गाई. दोन्हींत सारखाच पोहोचणारा बाहेरचा आवाज आपोआप वजा होई. सभागृहात तो ध्वनी अद्भुत होता, असे तेव्हाचे श्रोते सांगतात. मात्र या जोडणीत गायकाचा आवाजही पातळ होत असे, आणि त्या वर्षीच्या फितींवर तो उणेपणा स्पष्ट जाणवतो. ज्या वर्षी प्रेक्षकांनी सर्वोत्तम ऐकले, त्या वर्षीच्या फिती त्याची पुरती साक्ष देत नाहीत.

कॉर्नेलच्या कीर्तीकडे या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. ही फीत बेटी कँटर-जॅक्सन या ध्वनितंत्रज्ञ स्त्रीने केलेली. प्रेक्षागृहासाठीच्या मिश्रणावर विसंबून न राहता त्या ध्वनिमुद्रणासाठी स्वतःचे वेगळे मिश्रण करीत. त्यामुळे त्यांच्या फितींत दोन्ही गिटार डाव्या-उजव्या बाजूंना मोकळ्या उभ्या राहतात आणि बास गिटारचा प्रत्येक स्वर मोजता येतो. रॉकच्या पुरुषप्रधान जगात त्यांचे नाव दीर्घकाळ झाकलेलेच राहिले. पुढे बँडपासून त्या दुरावल्या आणि १९८६ मध्ये गोदामाचे भाडे थकल्याने त्यांच्या फितींची शेकडो स्पूल लिलावात निघाली. काही घेणाऱ्यांना आपण काय घेतले याची कल्पनाही नव्हती. बुरशी चढलेल्या त्या फिती जाणकार चाहत्यांनी स्वच्छ करून पुन्हा वाजवल्या आणि ‘बेटी बोर्ड्स’ या नावाने त्यांच्या प्रती सर्वत्र पसरल्या. कॉर्नेलची फीत त्यांपैकीच एक.

आता प्रश्न असा, की त्या रात्रीचे वादन खरोखरच सर्वश्रेष्ठ होते की ती फीत? यावर चाहत्यांत तट आहेत. मे महिना असूनही त्या रात्री इथाकात बर्फ पडले, ही आठवण कौतुकाने सांगणारा एक तट आहे. असा कार्यक्रम कधी झालाच नाही, अशी गमतीची अफवा पिकवणारेही आहेत. दुसऱ्याच रात्री, ९ मे रोजी, बफेलो येथे झालेले वादन अधिक मोकळे होते, असे ठामपणे मांडणारे पुष्कळ आहेत. काहींच्या मते ऑगस्ट १९७२ मध्ये ओरेगॉनमधील व्हेनेटा येथे, रणरणत्या उन्हात वाद्यांचे सूर उतरत असतानाही जे घडले, त्याला तोड नाही. २०१७ च्या अधिकृत संचात कॉर्नेलबरोबर न्यू हेवन, बॉस्टन आणि बफेलो येथील त्याच आठवड्यातील कार्यक्रमही आल्याने पडताळा घेणे सोपे झाले आहे. ते सलग ऐकले तर एवढे निश्चित जाणवते, की कॉर्नेल ही एकाकी वीज नव्हती. बँड त्या महिन्यात रोजच अशा तयारीने वाजवत होता. एकाच रात्रीच्या डोक्यावर मुकुट चढला त्यात उत्तम फीत, लिलावाची कथा आणि हातोहाती फिरलेल्या प्रती यांचा वाटा मोठा आहे.

त्या रात्रीच्या ज्या भागाची सर्वाधिक वाखाणणी होते, त्यात ‘स्कार्लेट बिगोनियाज’ संपता संपता ‘फायर ऑन द माउंटन’ सुरू होते. हे दुसरे गाणे तेव्हा नवे होते, आणि त्याच्या सुरावटीचा एक धागा थेट मुंबईशी जुळतो. मिकी हार्टने उस्ताद अल्लारखाँ यांच्याकडून तालाचे धडे घेतले होते. बँडची ‘द इलेव्हन’ ही ११ मात्रांची रचना त्याच काळातली. पुढे अल्लारखाँचे चिरंजीव, मुंबईत जन्मलेले झाकीर हुसेन आणि हार्ट यांनी ‘दिगा ऱ्हिदम बँड’ या नावाने १९७६ मध्ये ध्वनिमुद्रिका काढली. तिच्यातील ‘हॅपिनेस इज ड्रमिंग’ या शब्दविरहित रचनेत ‘फायर ऑन द माउंटन’ची सुरावट ऐकू येते. डिसेंबर २०२४ मध्ये झाकीर हुसेन गेले. हार्टबरोबरची त्यांची मैत्री तोवर पन्नाशी ओलांडून गेली होती.

उलट उदाहरण इजिप्तचे. सप्टेंबर १९७८ मध्ये बँडने गिझा येथे पिरॅमिडच्या पायथ्याशी तीन रात्री वाजवले. अखेरच्या रात्री चंद्रग्रहणही होते. यापेक्षा भव्य स्थळ आणि मुहूर्त कोणता? पण पियानो बेसूर होता, क्रॉइट्झमनचा हात जायबंदी होता आणि वादन बेताचेच झाले. त्या ध्वनिमुद्रणांतून ध्वनिमुद्रिका काढण्याचा बेत बँडने तेव्हा गुंडाळला. निवडक भाग प्रसिद्ध झाला तो थेट २००८ मध्ये. फीत काढली नसती तर इजिप्त आज दंतकथा म्हणून मिरवले असते.

अधिकृत ध्वनिमुद्रिकाही चाहते डोळे झाकून स्वीकारत नाहीत. ‘युरोप ’७२’ या गाजलेल्या संचातील गायन बऱ्याच प्रमाणात मायदेशी परतल्यावर स्टुडिओत पुन्हा ध्वनिमुद्रित केलेले आहे. मैफल म्हणून विकलेली ही वस्तू कितपत मैफल, हा वाद जुनाच. २०११ मध्ये त्या दौऱ्यातील सर्वच्या सर्व २२ कार्यक्रम प्रसिद्ध झाले तेव्हा कोठे मूळ आणि दुरुस्त यांची तुलना शक्य झाली. १९९३ पासून ‘डिक्स पिक्स’ ही मालिका सुरू झाली. तिचा निवडकर्ता डिक लॅटव्हाला हा स्वतः वर्षानुवर्षे फिती गोळा करणारा चाहता होता. फितीत दोष आहेत, घेणाऱ्याने जाणून घ्यावे, असा इशारा या मालिकेच्या वेष्टनावरच छापलेला असे. चाहत्यांची वाटणघाट बँडच्या घरात शिरली ती अशी.

मात्र घरात शिरल्यावर मालकीचा प्रश्नही आला. बँडचा गीतकार जॉन पेरी बार्लो याने १९९४ मध्येच लिहिले होते, की फिती फुकट वाटू दिल्याने बँडचे नुकसान झाले नाही, उलट श्रोते वाढले. नोव्हेंबर २००५ मध्ये नेमक्या याच मुद्द्यावर ठिणगी पडली. ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या ना-नफा संस्थेच्या संग्रहातून हजारो कार्यक्रम उतरवून घेता येत होते; बँडच्या व्यवस्थापनाच्या सांगण्यावरून ती सोय बंद झाली. चाहत्यांनी खरेदीवर बहिष्काराची भाषा केली. आपल्याला न विचारताच हे घडले, असे फिल लेशने जाहीर केले. काही दिवसांतच तडजोड निघाली. प्रेक्षकांमधून टिपलेली ध्वनिमुद्रणे कोणीही उतरवून घ्यावीत. मिक्सरमधून घेतलेली मात्र तेथेच ऐकावीत, घरी नेऊ नयेत.

एकेकाळी मिक्सरची फीत न मिळाली तरच जिच्यावर भागवायचे, ती गर्दीतली फीत त्यामुळे सर्वांना मोकळेपणाने मिळणारी प्रत ठरली. शिट्ट्या, टाळ्या आणि शेजारच्या अनोळखी माणसाची बडबड तीत तशीच आहे. हल्लीचे काही चाहते मिक्सरची स्वच्छ प्रत बाजूला ठेवून तीच ऐकणे पसंत करतात.